ऑपरेशनची तारीख हुकू नये म्हणून

बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख हातात पडली की सगळं घर त्या एका दिवसाच्या काळजीत बुडतं. पण त्या दिवशीचं काम सर्जनचं, भूलतज्ज्ञांचं आणि हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) सांभाळणाऱ्यांचं असतं. आईवडिलांचं काम असतं त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत. मूल त्या तारखेला धडधाकट अवस्थेत ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचवायचं. तारीख पुढे जाते ती फार साध्या गोष्टींनी: सर्दी, किडका दात, अडकलेली मंजुरी, पहाटे कुणीतरी प्रेमानं भरवलेलं बिस्किट.

सर्वांत मोठा शत्रू सर्दी. सर्दीत श्वासनलिका आतून सुजलेली आणि चिडलेली असते. अशा वेळी भूल देताना श्वासासाठी नळी घातली की श्वासनलिका आवळू शकते, कफानं फुप्फुसाचा भाग बंद पडू शकतो. त्यात हार्ट-लंग मशीनमुळेही फुप्फुसांना थोडी सूज येतेच. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमध्ये मोठं छिद्र असेल तर फुप्फुसांत आधीच जास्त रक्त जात असतं, म्हणजे तिथे आणखी भार सोसायला जागाच नसते. व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढतात ते यामुळे. म्हणून तारखेच्या दोन-तीन दिवस आधी नाक वाहू लागलं तर ते लपवू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा. तारीख काही आठवडे पुढे गेली तर जीव हळहळतो, पण ती हळहळ परवडते.

संसर्ग घरात येतो तो बहुधा मोठ्या भावंडाच्या दप्तराबरोबर. शाळेतून आल्यावर आधी साबणानं हातपाय, मग कपडे बदलणं, मगच बाळाला हात लावणं. हा नियम तीन आठवडे कडक ठेवा. जुलै ते सप्टेंबर पुण्यात घरोघरी सर्दी-ताप असतो. या काळात लग्न, बारसं, मंडळाची आरती, देवदर्शन यांतलं काहीही बाळासाठी नको. साताऱ्याहून, सोलापूरहून ‘एकदा बाळाला बघून जाऊ’ म्हणणाऱ्यांना ऑपरेशननंतर घरी आल्यावरही लगेच बोलावू नका. वाईटपणा वडिलांनी घ्यावा, आईवर ढकलू नये. आणि तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपास असेल तर विसर्जनासाठी मध्यवर्ती पेठांतले रस्ते बंद असतात हे धरून भरती होण्याची वेळ ठरवा.

दातांकडे हमखास दुर्लक्ष होतं. ‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत’ हे इथे चालत नाही. किडलेल्या दातातले जंतू रक्तात उतरून हृदयाच्या आतल्या अस्तरावर किंवा छिद्र बुजवायला लावलेल्या नव्या पॅचवर बसू शकतात. तारीख ठरली की लगेच दंतवैद्य गाठा, हृदयाचा आजार सांगा आणि दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागेल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. दात काढावा लागला तर हिरडी भरायलाही दिवस लागतात.

छोट्या बाळांचं वजन हा वेगळाच लढा. दूध पिताना धाप लागते, कपाळावर घाम येतो आणि बाळ अर्ध्यातच थकून झोपतं. एकेक पाजणं अर्ध्या तासावर ताणू नका. थोडं-थोडं, दर दोन-अडीच तासांनी द्या. दुधाची ताकद कशी वाढवायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, लंगोट काढून करा. लघवीचं औषध चमच्यानं देऊ नका, सिरिंजनं मोजा. चमचा घरागणिक बदलतो. आधी शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी छोटी कृत्रिम नळी) बसवलेल्या मुलाची अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका, कारण शंटमध्ये गुठळी होऊ शकते. ती कोणत्या दिवशी थांबवायची हे लिहून घ्या.

रक्तासाठी हॉस्पिटल दाते आणायला सांगतं. दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलोचा, हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेला हवा. मागच्या रक्तदानाला पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने झालेले हवेत. गणेश मंडळाचे कार्यकर्ते हाकेला धावून येतात, पण गेल्याच महिन्यातल्या शिबिरात त्यांनी रक्त दिलेलं असतं! म्हणून चार लागणार असतील तर सात-आठ जणांची यादी करा. प्लेटलेट देणाऱ्यानं आदल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. ‘माझंच रक्त माझ्या बाळाला द्या’ असं बाबांना वाटतं, ते समजण्यासारखं आहे. पण जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बाळाचं शरीर परकं म्हणून ओळखत नाही. त्या पेशी टिकून बाळावरच उलटू शकतात, क्वचित पण जिवावर बेतेल इतक्या. असं रक्त विकिरण केल्याशिवाय, म्हणजे किरणांनी त्या पेशी निकामी केल्याशिवाय, देत नाहीत. बाबांनी रक्त द्यावं, पण रक्तपेढीच्या साठ्यासाठी.

कागदपत्रांत एकच अडचण वारंवार येते: शिधापत्रिकेवर बाळाचं नाव चढवलेलं नसतं. जन्मदाखला, बाळाचं आधार आणि शिधापत्रिका यांतलं नावाचं स्पेलिंग आजच ताडून बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात, त्यांना पहिल्याच भेटीत गाठा. अंगणवाडीतल्या किंवा शाळेतल्या तपासणीत दोष सापडला असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चिठ्ठी जपून ठेवा. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो एका दिवसात हातात पडेल असं धरून चालू नका.

मुलाला काय सांगायचं? तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, सात-आठ वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगा. खरं सांगा. ‘अजिबात दुखणार नाही’ म्हटलंत तर पहिल्या सुईलाच तुमच्यावरचा विश्वास जातो. ‘डॉक्टर झोपेचं औषध देतील, तू झोपलेला असताना हृदय दुरुस्त करतील, उठल्यावर छातीवर पट्टी असेल, थोडं दुखेल आणि दुखण्याचं औषध मिळेल’ एवढं पुरतं. बाहुलीच्या छातीवर पट्टी चिकटवून दाखवा. ‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही घरातली धमकी मात्र आजपासून बंद. नाहीतर ऑपरेशन म्हणजे आपल्या मस्तीची शिक्षा, असं मूल खरोखर धरून बसतं.

आदल्या रात्री केसांना तेल आणि डोळ्यांत काजळ नको. तेलकट त्वचेवर चिकटपट्ट्या धरत नाहीत. नखांचं पॉलिश पुसा, बोटावरचा ऑक्सिजनचा सेन्सर चुकू शकतो. वाळे, मनगट्या, करदोटा, दृष्टमणी सगळं उतरवून ठेवा. रक्तस्राव थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, धातूजवळ भाजण्याची भीती असते, आणि नंतर हातपाय सुजतात. आजीला वाईट वाटेल, तिला कारण नीट समजावून सांगा.

उपाशी राहण्याच्या वेळा सहसा अशा: वरचं दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. सकाळी आठचं ऑपरेशन असेल तर अनुक्रमे रात्री दोन, पहाटे चार, सकाळी सहा. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. वेळा मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाला चिकटवा आणि खाऊची पिशवी खोलीबाहेर पाठवा. पोटात काही असेल तर भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. निळसर पडणाऱ्या मुलांचं रक्त घट्ट असतं, त्यांना लांब उपास बाधतो. नंबर उशिरा लागणार असं कळलं की लगेच सलाईनबद्दल विचारा.

मूल आत गेलं की फोन चार्ज केलेला आणि आवाज मोठा ठेवा. एखादी सही, एखादी परवानगी कधीही लागू शकते. आईवडिलांपैकी एकानं त्या मजल्यावरून हलायचं नाही. दुसऱ्यानं जेवून घ्यायचं, मग पाळी बदलायची.