स्पिनर घेताना नुसता व्यास पाहू नका : माझा अनुभव

माझ्या मॉडेल विमानाचा पंखा निवडायला वेळ लागला नाही. हाय-विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं शिकाऊ विमान, आणि पॉइंट ४६ (०.४६ घन इंची) ग्लो इंजिन. ११×५ आणि ११×६ ही मापं माहितीपत्रकातच होती. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, म्हणजे एका फेरीत पंखा किती इंच पुढे सरकेल त्याचा. ट्रेनरला वेगापेक्षा ओढ हवी, म्हणून ११×५ घेतला.

अडलं ते स्पिनरपाशी, म्हणजे पंख्याच्या मधोमध बसणाऱ्या शंकूसारख्या टोपीपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही. पाकिटावर व्यास तेवढा छापलेला. काऊलचं, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाचं, तोंड ५७ मिमी, स्पिनरही ५७ मिमी, म्हणजे जमायला हवं होतं. पण इंजिनाचा शाफ्ट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, आणि बॅकप्लेटचं, म्हणजे स्पिनरच्या मागच्या चकतीचं, भोक जवळजवळ ८ मिमी. नट कितीही आवळला तरी बॅकप्लेट एका बाजूला सरकायची आणि इंजिन सुरू होताच अख्खं नाक थरथरायचं. शाफ्टला टेप गुंडाळ, असा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही, तुम्हीही मानू नका. टेप दबते आणि स्पिनर पुन्हा सरकतो. भोक आणि शाफ्टमधली फट भरणारी बरोबर मापाची नळी, म्हणजे बुश, हाच उपाय. तो पाकिटातच असायला हवा, निदान भोकाचं माप तरी छापायला काय हरकत आहे?

बुश मिळाला, तर शंकूच्या, पाती जिथून बाहेर येतात त्या, खाचा अरुंद निघाल्या. पात्याचं बूड दोन्हीकडून घासत होतं. हे चालवून घेऊ नका. मिनिटाला १२,००० फेऱ्या होतात तेव्हा ११ इंची पंख्याचं टोक ताशी सुमारे ६३० किमी वेगाने फिरत असतं. शंकूची कड बुडाशी घासून चर पडला, तर पातं तिथूनच तुटून उडू शकतं. मी गोल कानशीने खाचा वाढवल्या, पात्याभोवती सगळीकडून मिलिमीटरभर फट ठेवली. दोन्ही खाचा सारख्याच घासायच्या, नाहीतर शंकूचा तोल जातो. पातं मात्र कधीही घासून बसवू नका.

एक सांगायचं राहिलं. बॅकप्लेटच्या जाडीमुळे शाफ्टचे आटे कमी उरतात. नट पूर्ण बसून आटे थोडे बाहेर दिसले पाहिजेत. स्पिनर घेण्याआधीच हे मोजा. पंख्याचा तोल त्याहीआधी, बॅलन्सरवर बघायचा. जड पात्याच्या पाठीवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला की होतं.

शेवटी इंजिन सुरू केलं आणि शंकूचं टोक एका जागी स्थिर दिसलं, तेव्हा फार समाधान वाटलं. फुल थ्रॉटलला पंख्याच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका, स्वतःही मागेच राहा. लाकडी पंखा असेल तर प्रत्येक दिवशी पहिल्या उड्डाणाआधी नट तपासा. लाकूड दबतं आणि नट सैल होतो.