मॉडेलवरून कोड काढताना: माझा अनुभव

अंधेरीत मी ज्या टीममध्ये काम करतो तिथे आम्ही मोटर इन्शुरन्सचं सॉफ्टवेअर मॉडेल ड्रिव्हन पद्धतीने बनवतो, म्हणजे आधी मॉडेल (विम्याची कव्हर, त्यांचे नियम वगैरेंचा नेमका आराखडा) आणि त्यावरून कोड टूलनेच काढायचा. आयडिया जुनी आहे, ओएमजी या सॉफ्टवेअरची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने ती एमडीए (मॉडेल ड्रिव्हन आर्किटेक्चर) नावाने 2001 सालीच मांडली होती. आमच्याकडे एकच नियम स्क्रीनवर, सर्व्हिसमध्ये आणि डेटाबेसमध्ये वेगवेगळा लिहावा लागायचा, त्याला सगळे कंटाळले होते, म्हणून एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या टूलमधल्या ईएमएफ या मॉडेलिंगच्या फ्रेमवर्कवर स्वतःचं मेटामॉडेल केलं, म्हणजे मॉडेलमध्ये काय काय असू शकतं त्याचा साचा, वर डायग्राम एडिटर आणि खाली कोड काढणारे टेम्प्लेट. कोड जनरेट व्हायला लागला, ते काम सोपं होतं.

डोकेदुखी झाली ती मर्जची, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करण्याची. मॉडेलची फाइल म्हणजे एक्सएमआय (एक्सएमएलचाच एक प्रकार), आणि तुम्ही वेगळे आयडी दिले नाहीत तर ईएमएफ त्यात संदर्भ नंबराने साठवतं, यादीतलं कितवं कव्हर एवढंच. शेजारच्या सहकारी मुलीने तिच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) यादीतलं पहिलं कव्हर काढून टाकलं, मग खालची सगळी एकेक घर वर सरकली, आणि मी त्याच वेळी माझ्या ब्रँचवर नवा नियम लिहिला तो जुन्या नंबरने. गिटने (आम्ही बदलांची नोंद ठेवायला वापरतो ते टूल) गुपचूप मर्ज करून टाकलं, कॉन्फ्लिक्ट वगैरे काही नाही, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमऐवजी थर्ड पार्टीला लागला!! टेस्टिंगमध्ये सापडलं म्हणून बरं. ईएमएफ कम्पेअर या मॉडेल ताडून बघायच्या टूलने असे फरक नीट दिसतात पण ते उघडायचं एक्लिप्समध्ये, आमचा रिव्ह्यू चालतो ब्राउझरमध्ये.

मग आम्ही डायग्राम बाजूला ठेवून एक्सटेक्स्ट या भाषा बनवायच्या टूलवर नियम लिहायची छोटी भाषाच केली, संदर्भ नावाने, फाइल साधी टेक्स्ट, त्यामुळे कव्हर गायब झालं तर लगेच एरर येते. अंडररायटिंगच्या (विम्याची जोखीम आणि नियम ठरवणाऱ्या विभागाच्या) मॅडमना पहिला रिव्ह्यू पाठवला तर त्या म्हणाल्या, "अरे, हे तर मला वाचता येतंय, आधी का नाही दाखवलंस?" माझ्या मते याहून मोठा फायदा दुसरा नाही, नियम ज्याला कळतो तोच माणूस आता नियम तपासतो.

एक त्रास मात्र राहिलाय, मेटामॉडेल बदललं की जुनी मॉडेल्स बऱ्याचदा उघडत नाहीत, तेव्हा ती नव्या साच्यात आणणारी मायग्रेशन स्क्रिप्ट लिहावीच लागते, सुटका नाही.

आता सगळे विचारतात की एआय थेट कोड लिहितोय तर मॉडेल कशाला. मला उलट वाटतं, एआयने आमच्या भाषेतला नियम लिहावा, चुकला तर भाषेचं ग्रामर त्याला पकडेल, मॅडम वाचतील, आणि त्यापुढे जनरेटर त्याच मॉडेलवरून दरवेळी तोच कोड देईल. सिसएमएल या सिस्टिम मॉडेलिंगच्या भाषेच्या व्हर्जन 2 मध्येही डायग्रामच्या जोडीला टेक्स्ट आलंय ते मला फार पटलं.

डीबगिंग, म्हणजे चूक शोधणं, मात्र अजून अडलंय, एरर येते जनरेट झालेल्या जावाच्या ओळीवर आणि चूक असते मॉडेलमध्ये. सध्या जनरेटर प्रत्येक मेथडवर नियमाचं नाव आणि ओळ नंबर कॉमेंटमध्ये टाकतो, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवून बघायचा ती खूण) थेट नियमावर लावता यावा यासाठी काम चालू आहे.