सिएटलची तासांची वही आणि शहापूरची विहीर

गेल्या शनिवारी सकाळी सिएटलमधल्या आमच्या गल्लीत (इथल्या रस्त्याला मी गल्लीच म्हणते) आम्ही वीसेक शेजारी फावडी घेऊन जमलो. कोपऱ्यावरच्या पडीक तुकड्यात भाजीचे वाफे करायचे होते. आधी सगळ्यांनी एका कागदावर नाव आणि आल्याची वेळ लिहिली. समोरच्या घरातल्या सत्तरीच्या आजींनी घमेल्या-घमेल्यानं लाकडाचा भुसा पसरला. जाताना तासांच्या रकान्यात 3 लिहून सही केली.

त्या 3 ला इथे पैशाइतकी किंमत आहे. सिएटल महापालिकेचा ‘नेबरहूड मॅचिंग फंड’ 1988 मध्ये सुरू झाला. रहिवाशांनी आपल्या भागातलं काम सुचवायचं, महापालिका अनुदान देते, मात्र रहिवाशांनीही वाटा घालायचा. तो रोखच हवा असं नाही. अंगमेहनत, कुणी दिलेली माती-लाकडं, आर्किटेक्टनं फुकट काढून दिलेला नकाशा, सगळं धरतात. श्रमाच्या तासाचा दर ठरलेला असतो. फ्रीमाँट भागात पुलाखाली 18 फुटी राक्षसाचं शिल्प आहे, मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन बीटल धरलेलं. 1990 मधलं ते कामही याच निधीच्या मदतीनं झालं.

आजींची सही बघताना मला बेळगावातल्या शहापूरची आमची विहीर आठवली. मी सातवीत होते. राकसकोप धरणाचं पाणी आठ-आठ दिवस नळाला येत नव्हतं. मंडळाच्या पोरांनी मोटर लावून विहीर उपसली, मग दोर कमरेला बांधून चौघं आत उतरले. काळा, कुबट गाळ बुट्टीनं वर यायचा. त्यात फुटक्या घागरी, नारळाच्या करवंट्या, एकदा कुणाचं तरी पितळी निरांजन. बायकांनी चुलीवर पोह्यांचं पातेलं चढवलेलं. पाच रविवार हे चाललं. शेवटच्या रविवारी तळाशी झरा दिसला तेव्हा बाबांनी वर उभ्या उभ्याच हात जोडले.

वर्गणीची वही बाबांकडेच असायची. कुणी किती रुपये दिले, दोराला किती लागले, पै-पैचा हिशेब. पण आत उतरलेल्या चौघांची नावं त्या वहीत कुठेच नाहीत.

फोनवर हे सांगितलं तर बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “घामाचा हिशेब कधी कुणी मागितलाच नाही गं.”

तो आपणच मांडावा असं मला मनापासून वाटतं. 74 व्या घटनादुरुस्तीनं 3 लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत. बेळगावात 58 वॉर्ड आहेत. गल्लीनं आमचे इतके तास, तुमचं इतकं सिमेंट, असा कागद घेऊन तिथे जावं. आणि तो कागद मराठीतही चालावा. इथे याच निधीची माहिती सोमाली, व्हिएतनामी, स्पॅनिशमध्ये मिळते. कर्नाटकच्या 1981 च्या कायद्यातही 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रं देण्याची तरतूद होती. बाबांना मात्र अजून कन्नड नोटीस वाचून घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते.

चतुर्थीच्या आधी विहिरीची साफसफाई आहे. काल रात्री भावानं वहीच्या नव्या पानाचा फोटो पाठवला. रुपयांच्या शेजारी पट्टीनं आखलेला आणखी एक रकाना आहे: तास. पहिलं नाव बाबांचं.