चार डॉलरचं वासरू

आमचं काम डेटा एन्ट्रीचं, पण जुन्या अमेरिकन कागदांची. एकच पान दोघंजण वेगवेगळं टाईप करतात, जिथं जुळत नाही ते माझ्याकडं क्यूसीला, म्हणजे तपासणीला येतं. नियम एकच, दिसतं तेच टाईप करा, डोकं लावू नका. डोकं लावणाऱ्यांचा पगार वेगळा असतो.

परवा टेक्सासची 1934 ची बॅच आली. दुष्काळ आणि मंदी एकदमच, चारा नाही, गुरांना गिऱ्हाईक नाही, म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारनं स्वतःच गुरं विकत घेतली, देशभरात सगळी मिळून 80 लाखांच्या वर. खाण्याजोगी असतील ती डबाबंद मटणाला, बाकीची तिथल्या तिथं गोळी घालून पुरायची.

फॉर्मवर किमतीचे दोन रकाने आणि आमची नवी पोरं दोन्हीची बेरीज करून एकातच ठोकून देतात, शेवटी वैतागून मी योजनेचे नियमच शोधून वाचले. दोन वर्षांवरच्या जनावराला 12 ते 20 डॉलर, त्यातले 6 मालकाचे, त्याला सावकारानं हात लावायचा नाही, जनावर तारण असेल तर उरलेले बँकेला. वर्षाच्या आतल्या वासराला कमीत कमी 4, म्हणजे बँकेला 1 आणि मालकाला 3! ज्यानं कुणी हे रकाने आखले त्याला मानलं आपण. 72 च्या दुष्काळात आमच्या आजोबांनी सांगोल्याच्या बाजारात बैलजोडी मातीमोल विकली, ते पैसे सगळेच्या सगळे कर्जात वळते झाले, घरी काही आलंच नाही.

अडलंय एका पानावर. 11 गुरं, सगळी बाद रकान्यात, म्हणजे गोळी घातलेली. इन्स्पेक्टरची सही आहे, मालकाची आहे, वर बँकेचं नाव टाईप केलंय, पण बँकेच्या सहीची ओळ कोरी. एका ऑपरेटरनं कोरी ठेवली, दुसरीनं वरचं नाव उचलून खाली टाकलं. नियमानं कोरं ते कोरं, मी पास केलं. पण तारण असेल तर बँकेची सही लागायचीच, मग याचे 3, 6 डॉलरसुद्धा अडकले की काय? गुरं तर केव्हाच खड्ड्यात. समासात पेन्सिलीनं लिहिलंय 'पत्र पाहा', आणि पेन्सिलीतलं टाईप करायचं नाही असं क्लायंटनं आधीच कळवलेलं.

पत्र बॅचमध्ये नाही. क्लायंटला क्वेरी टाकली तर उत्तर आलं, आउट ऑफ स्कोप, म्हणजे ठरलेल्या कामाबाहेरचं, आणि टीम लीडला चिंता माझं त्या दिवशीचं प्रॉडक्शन कमी भरलं याची.