आण्णांचं पथ्य

म्युनिकमध्ये मार्च संपत आला तरी सकाळी सायकलच्या सीटवर बर्फाचा पातळ थर असतो. तो हातमोज्यानं पुसायचा आणि आठच्या आत लॅबच्या उंदरांच्या खोलीत पोहोचायचं. कपडे बदलायचे, टोपी, मास्क, हातमोजे चढवायचे. मग एकेका उंदराला शेपटीला धरून उचलायचं, काट्यावर ठेवायचं, वजन वहीत लिहायचं. तीन वर्षं माझा दिवस असाच सुरू होतो. घरून फोनवर कुणी विचारलं की ‘मेंदूच्या आजारावर काम करते’ एवढं सांगून मी विषय बदलायचे. या जानेवारीत मात्र आण्णांना सगळं उलगडून सांगावं लागलं. ते म्हणाले, “हे कागदावर लिही. मराठीत लिही, बाकीच्यांनाबी कळू दे.” म्हणून हे लिहिते आहे.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. नदीकाठच्या उसाच्या मळ्यांतल्या जळालेल्या मोटारी तिथं येतात आणि नवं वाइंडिंग घालून परत जातात. १९८७ च्या आषाढात पंचगंगेच्या घाटाजवळ त्यांना कुत्रं चावलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक. त्यातच त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाई देवीची, यात्रा आली. गल्लीनं पी-ढबाकच्या तालावर नदीचं नवं पाणी टेंबलाईला नेऊन घातलं आणि रात्री घरोघरी मटण शिजलं. आठवं इंजेक्शन त्याच दिवशी झालेलं. आजीनं मटणाचं पथ्य सांगितलं होतं. आण्णांनी तरी तांबडा रस्सा घेतला, दोन वाट्या.

बाराव्या दिवशी सकाळी पायाला मुंग्या आल्या. दुपारी गुडघ्याखाली काही कळेना. संध्याकाळी उभं राहता येईना, लघवी अडकली. दीड महिना दवाखान्यात गेला, वर्षभर काठी घेऊन चालले. डावा पाय आजही ओढत चालतात. घरात निकाल लागला होता: पथ्य मोडलं. आजी जाईपर्यंत अधूनमधून ते बोलून दाखवायची. आण्णांनी त्या दिवसापासून मटणाला हात लावला नाही. कोल्हापुरात, आषाढात, आखाडाच्या पंगतीत बसून वरण-भात खाणारा एकटा माणूस मी लहानपणापासून पाहिला आहे. कारण विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

आता माझ्या उंदरांकडे येते. आजार मुद्दाम घडवायला त्यांना आम्ही मज्जातंतूच्या वेष्टणातल्या एका प्रथिनाचा तुकडा टोचतो. प्रथिनाचं नाव मॉग, तुकडा एकवीस अमिनो आम्लांचा. त्याच्याबरोबर तेलात घोटलेले क्षयाचे मेलेले जंतू आणि वरून डांग्या खोकल्याच्या जंतूंचं विष. उंदराच्या रोगप्रतिकारशक्तीला जागं करायला एवढं सगळं लागतं. मग आठ-नऊ दिवस काहीच होत नाही. उंदीर खातात, चाकावर पळतात. धडधाकट उंदराला उचललं की त्याची शेपटी ताठ असते, बोटाभोवती वळते. दहाव्या-बाराव्या दिवशी एखाद्याला उचलावं तर शेपटी भिजल्या दोरीसारखी लोंबते. वहीत ‘१’ लिहायचं. पुढं मागचे पाय लटपटले की ‘२’, पूर्ण गेले की ‘३’. मर्यादेपलीकडं त्रास जाऊ द्यायचा नाही, हा नियम आम्ही काटेकोर पाळतो. तरी प्रत्येक वेळी ती शेपटी हातात सैल पडली की माझ्या पोटात कालवतं.

पहिल्या वर्षी मी बाराव्या दिवसाचा ‘२’ लिहिला आणि पेन तसंच हातात राहिलं. बारावा दिवस. मागचे पाय. चुलतभावाला सांगून आण्णांच्या पत्र्याच्या पेटीतली जुनी फाईल शोधायला लावली. त्याला ती सापडायला दोन वर्षं गेली. या जानेवारीत त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. डिस्चार्जच्या पिवळ्या कागदावर, घाईच्या अक्षरात, इंग्रजीत दोन शब्द होते: पोस्ट-व्हॅक्सिनल मायलायटिस. म्हणजे लसीनंतर आलेली मज्जारज्जूची सूज. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना कारण ठाऊक होतं, त्यांनी ते लिहूनही ठेवलं होतं. ते आण्णांना सांगावं असं मात्र कुणालाच वाटलं नाही. याचा मला आजही राग येतो. दोन वाक्यांचं काम होतं.

मी आण्णांना फोन लावला. मज्जातंतू, मायलिन असं काहीबाही सुरू केलं, तर ते म्हणाले, “आमच्या भाषेत सांग की.” मग तांब्याच्या इनॅमल वायरवर आले. तार चांगली असते, पण वरचं इनॅमल खरवडलं की वाइंडिंग गेलं. मज्जातंतूवरही तसंच मायलिनचं वेष्टण असतं, बहुतेक चरबी आणि थोडी प्रथिनं. उपमा शंभर टक्के बरोबर नाही, कारण मायलिन नुसतं झाकण नव्हे. त्याच्यामुळं संदेश टप्प्याटप्प्यानं उड्या मारत जातो. वेष्टण नसलेल्या तंतूत संदेश सेकंदाला एखादा-दोन मीटर सरकतो, जाड वेष्टणाच्या तंतूत तो शंभर मीटरच्या आसपास धावतो. वेष्टण गेलं की तो रेंगाळतो, नाहीतर वाटेतच विरतो.

“मग खरवडतंय कोण ते?” आण्णांचा पहिला प्रश्न. नेमका तोच प्रश्न या क्षेत्रात नव्वद वर्षं विचारला जातोय.

पाश्चरनं १८८५ मध्ये रेबीजची पहिली लस दिली ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. आपल्याकडं चालली ती डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली. मेंढ्याच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो फिनॉलनं मारायचा आणि तेच टोचायचं. तिनं असंख्य जीव वाचवले. पण मेंदू म्हटलं की त्यात मायलिन आलंच. फार थोड्या लोकांना लस घेताना लकवा यायचा, आणि तो रेबीजचा नसायचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. त्यात विषाणू नव्हता, तरी काही माकडांचे हातपाय गेले. माझे उंदीर त्या माकडांचेच वारस आहेत. पुढं थायलंडमधल्या संशोधकांनी हीच सेंपल लस घेऊन आजारी पडलेल्यांचं रक्त तपासलं, त्यात मायलिनच्या एमबीपी नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. तो लेख छापून आला ते साल १९८७. आण्णा अंथरुणावर होते तेच साल.

“म्हंजे माझ्याच अंगानं माझीच वायर खरवडली?” होय आण्णा, तसंच. प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तातही मायलिन ओळखणाऱ्या थोड्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी, असतात, पण त्या निजलेल्या असतात. मेंढ्याचं मायलिन आपल्यासारखंच असतं. चौदा दिवस ते पोटात टोचत राहिलं की एखाद्याच्या शरीरात त्या पेशी जाग्या होतात, रक्तातून मेंदूत, मज्जारज्जूत शिरतात आणि तिथं तेच प्रथिन दिसलं की तुटून पडतात. कुणाच्या जाग्या व्हायच्या, हे माणसाच्या घडणीवर. वायरचं इन्सुलेशन तपासायला मेगर लावतात तसं काही लावून आधी कळेल अशी काही सोय तेव्हा नव्हती, आजही नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारातही वेष्टण असंच जातं, पण तिथं गुन्हेगार एक नाही. एमबीपी, पीएलपी, मॉग, मायलिनच्या या सगळ्या प्रथिनांवर संशय घेऊन झाला, कुणा एकावर शिक्कामोर्तब झालेलं नाही. २००० च्या सुमारास एमबीपीचा किंचित बदललेला तुकडा रुग्णांना देऊन पाहिला, हेतू टी-पेशी शांत करण्याचा. उलट काहींचा आजार भडकला आणि चाचणी थांबवावी लागली. उंदरात जमलं ते माणसात जमेलच असं नाही, हे मी रोज स्वतःला बजावते. दुसरीकडं इस्राएलच्या वाइझमन संस्थेत एमबीपीची नक्कल म्हणून चार अमिनो आम्लांचं मिश्रण केलं, आजार घडवायला. त्यानं आजार तर झाला नाहीच, उलट प्राण्यांचं संरक्षण झालं. त्यातूनच मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं ग्लॅटिरामर हे औषध आलं, १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

मॉगवर माझा जीव आहे. मायलिनच्या प्रथिनांत त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याच्याही दहाव्या भागाहून कमी. पण ते वेष्टणाच्या अगदी बाहेरच्या पदरावर बसलेलं, म्हणून अँटिबॉडीच्या हाताला सहज लागतं. मॉगविरुद्धच्या अँटिबॉडीमुळं होणारा आजार आता वेगळा ओळखला जातो, तो लहान मुलांतही दिसतो. अचानक डोळ्याची दृष्टी जाते, पाय जातात. रक्ततपासणीत तो कळू शकतो आणि स्टेरॉइड वेळेवर मिळालं तर बरीच मुलं पुन्हा चालती होतात.

एक गोष्ट मात्र घाबरून कुणी उलटी समजू नये. मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००५ पासून बंद आहे. आताची लस पेशींवर वाढवलेली असते, तिच्यात मेंदूचा अंश नसतो आणि ती दंडात घेतात. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आण्णा स्वतः दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात. पाय गेला तरी लसीला त्यांनी कधी दूषण दिलं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर फोनवर बराच वेळ नुसता दुकानातल्या ग्राइंडरचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “म्हंजे मटणानं न्हवतं म्हण.”

“नव्हतं आण्णा. मटणाचा काही संबंध नव्हता.”

“आईला सांगाय पायजे हुतं गं.”

आजीला जाऊन नऊ वर्षं झाली. मी काय बोलणार? मी म्हणाले, “या आषाढात येतो मी.” घरी फोनवर बोलताना मी अजून कोल्हापूरच्या बायकांसारखी ‘येतो, जातो’च म्हणते.

“ये,” आण्णा म्हणाले. “यात्रेच्या आधी ये. काकूला सांगतो, रस्सा करायला.”