कुंभार्ली घाटातला तांबडा थर

चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावरील कुंभार्ली घाटाची देखभाल शाखा अभियंता म्हणून माझ्याकडे होती, तेव्हाची ही जुलैमधील घटना आहे. पहाटे पोफळीच्या वरच्या अंगाला एका वळणावर दरड कोसळली आणि दोन्ही बाजूंना वाहनांची रांग लागली. जेसीबीने ढिगारा उपसायला सुरुवात केल्यावर मी उघड्या पडलेल्या कड्याकडे नीट पाहिले.

माती आणि झाडोरा खाली आल्यामुळे डोंगराचा छेदच समोर होता. तळाला घट्ट काळा कातळ, त्यावर हातभर जाडीचा विटकरी थर आणि त्याच्यावर पुन्हा काळा, पण भेगाळलेला दगड. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा पसरला. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खालच्या खडकाचा पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली आणि पुढच्या प्रवाहाखाली ती भाजून निघाली, तोच हा तांबडा थर. सह्याद्रीची रांग ताप्तीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर असली, तरी थरावर थर रचलेला हा काळा पाषाण तिच्या उत्तर भागातच आहे. गोव्याच्या पुढे खडक निराळा आणि कितीतरी जुना आहे.

पाटणच्या एका ट्रकचालकाने विचारले, "साहेब, दरवर्षी ह्याच वळणावर कसं काय पडतं?" मी त्याला तो थर दाखवला. वरच्या भेगांतून मुरलेले पाणी त्या चिकट मातीवर अडते, आडवे सरकते आणि कड्याच्या तोंडाशी बाहेर पडते; थर भिजून मऊ झाला की वरच्या दगडाचा आधार जातो. त्यात ही कोकणाची बाजू सरळ तुटलेली. माथ्यावर हेळवाकजवळ कोयना पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे निघते; अलीकडे पडलेला तोच पाऊस मात्र काही तासांत कडा उतरून वाशिष्ठीला मिळतो आणि दाभोळच्या खाडीची वाट धरतो.

आम्ही बोलत असतानाच मुकादम धावत आले. "साहेब, त्या पाझराकडं बघा. मघाशी निवळ होतं, आता लाल येतंय."

मी ताबडतोब जेसीबी मागे घ्यायला लावला आणि माणसे वळणापासून लांब नेली. एका गाडीपुरती वाट मोकळी झालेली असताना वाहने अडवल्याबद्दल बरीच बोलणी बसली. त्यांची घाई मला कळत होती; पण २०२१ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील तळिये गावावर कोसळलेली दरड डोळ्यांसमोर असताना वाहने सोडणे मला शक्य नव्हते.

अर्ध्या तासाच्या आत वरचा भेगाळलेला कातळ त्या थरावरून घसरला. जेसीबी उभा होता ती जागा दगडांखाली गेली. कोणालाही इजा झाली नाही.

केवळ संरक्षक भिंत उंच करावी, अशी सूचना आली होती. मागे पाणी तुंबले तर भिंतही ढकलली जाते, म्हणून तांबड्या थराच्या पातळीवर आडवी छिद्रे पाडून निचऱ्याच्या नळ्या बसवाव्यात आणि कड्याच्या वर पाणी वळवणारे गटार काढावे, असे मी अहवालात लिहिले. मंजुरी मिळून दसऱ्यानंतर काम सुरू झाले. त्याच थराची आणखी काही उघडी तोंडे वरच्या वळणांवर दिसतात. त्यांची जागा मी रस्त्याच्या नकाशावर दाखवून मुकादमांच्या पावसाळी गस्तीत समाविष्ट केली आणि पाझराचा रंग रोज नोंदवायला सांगितले.