पाकिटांवर पत्ते लिहिण्याची नोकरी

दादाच्या पाठीची दोन ऑपरेशनं झाली, न्यू जर्सीतलं गोदामातलं काम सुटलं, आणि सोशल सिक्युरिटीकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शन-भत्त्याच्या खात्याकडे, केलेला अपंगत्वाचा अर्ज दोनदा परत आला. मग 2023 मध्ये फोनवर सुनावणी. दादा 46 वर्षांचा. पन्नाशी गाठली असती तर नियम बरेच सैल झाले असते.

माणसाला जमतील अशा नोकऱ्या देशात पुरेशा असल्या तर भत्ता नाकारतात. म्हणून न्यायाधीशांनी व्होकेशनल एक्स्पर्टला, म्हणजे नोकऱ्यांची माहिती देणाऱ्या तज्ज्ञाला, विचारलं, दहा पौंडांहून जास्त न उचलता, बसून हा माणूस काय करू शकेल? उत्तर तयारच होतं. पाकिटांवर पत्ते लिहिणं आणि चष्म्याचे भाग जुळवणं. दोन्ही कामांच्या देशभरातल्या नोकऱ्या पाच आकडी! आकडे कुठले, या दादाच्या वकीलबाईंच्या प्रश्नावर उत्तर आलं, “लेबर स्टॅटिस्टिक्स आणि माझा अनुभव.”

मी हिशेबनीस. ‘अनुभव’ या खात्याची पावती नसते, तेव्हा माझे कान टवकारले.

रात्री ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचे, म्हणजे नोकऱ्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, तक्ते उघडले. नोकऱ्यांची नावं जिथून घेतात, तो डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स हा कोश शेवटचा सुधारला गेला 1991 मध्ये. त्यात बारा हजारांवर कामं आहेत. ब्यूरो मात्र मोजतो आठशेच्या आसपास गट. म्हणजे पत्ते लिहिणाऱ्यांची वेगळी मोजणी कुठेच नाही. ते टायपिस्टांच्या गटात. चष्मेवाले ‘इतर सर्व उत्पादन कामगार’ या गटात. त्या गटात माणसं दोन लाखांच्या वर, पण कोशातली कामं हजाराहून जास्त. सारखी वाटणी केली तर चष्म्याच्या वाट्याला दोन-अडीचशेसुद्धा येईनात.

सारखी वाटणी हाही खुळेपणाच, हे मला कळतं. सगळी कामं सारखी थोडीच असतात! शिवाय त्या आकड्यात अर्धवेळवालेही धरलेले असतात. पण पाच आकडी उत्तर देणाऱ्याने स्वतःची वाटणी कशी केली, हे सांगायला नको?

वकीलबाई म्हणाल्या, 2019 च्या बीस्टेक खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलंय की एक्स्पर्टने खाजगी माहिती दाखवली नाही म्हणून त्याची साक्ष आपोआप बाद होत नाही. त्यामुळे उलटतपासणीतच प्रश्न विचारून घ्यायचे, आणि तक्ते सुनावणीनंतर लेखी जोडायचे. गट कुठला, त्यात कामं किती, वाटणीची रीत कोणती, पूर्णवेळ किती, असे चार प्रश्न त्यांनी विचारले होतेच. एक्स्पर्टसाहेबांनी गटाचा नंबर तेवढा सांगितला. मी तक्त्यांच्या प्रती काढून दिल्या, वर्ष आणि महिना ठळक करून.

निकाल विरोधात गेला. पत्ते लिहिणं वगळलं होतं, चष्म्याचं काम मात्र कायम ठेवलं होतं. साठ दिवसांच्या आत सोशल सिक्युरिटीच्याच वरच्या पायरीकडे, अपील्स कौन्सिलकडे, अर्ज टाकला.

जून 2024 मध्ये सोशल सिक्युरिटीने 13 कामांची यादी काढली: ही कामं पुढे करायची तर आजही ती पुरेशा संख्येने आहेत याचा जादा पुरावा हवा. पत्ते लिहिणारा त्यात होता. दादाला वाचून दाखवलं.

“म्हणजे,” तो उशी नीट करत म्हणाला, “न मिळालेली नोकरीही गेली.”